पंख्यांचं उद्घाटन

माझं काही चुकलं नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. इमारतीतली माणसं अजून जिन्यात भेटली की मला बघून हसतात. खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई हसत नाहीत. निवृत्त झाल्या असल्या तरी त्या चष्म्यावरून बघतात, आणि ते जास्त लागतं. पण उद्घाटनाची कल्पना चांगली होती आणि ती माझी होती. यातलं एकही वाक्य मी मागे घेणार नाही.

मुळात मी एकच पंखा आणायला निघालो होतो. बाबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खोलीतला पंखा कण्हायला लागला होता. दुपारचं जेवण झालं की बाबा खोलीत जातात, पंखा तीनवर ठेवतात आणि झोपतात. दोनवर वारा अंगापर्यंत पोचत नाही आणि चारवर कान दुखतो, असं त्यांचं म्हणणं. तीनवर मात्र त्यांना अशी गाढ झोप लागते की चहाची वेळ झाली तरी उठवावंसं वाटत नाही.

दुकानदाराने जुन्या धाटणीचे पंखे दाखवलेच नाहीत. "साहेब, हा बघा. रिमोटवर चालतो. वीज निम्मी. आणि टीव्हीसारखा रिमोट रोखून धरायची भानगड नाही. तुम्ही स्वयंपाकघरात बसून दाबा, खोलीतला पंखा फिरणार. भिंत मध्ये आली तरी चालतं." मग तो हळूच म्हणाला, "तुम्ही सेक्रेटरी ना तुमच्या इमारतीचे? सगळ्यांनी मिळून घेतले तर घाऊक भावात देतो." मी सेक्रेटरी आहे हे त्याला मीच सांगितलं होतं. मी ते सगळ्यांनाच सांगतो. पगार नसलेल्या पदाचा तेवढा तरी उपयोग करून घ्यावा.

तर एक पंखा आणायला गेलेला मी घरागणिक एक पंखा मागवून परतलो. बैठकीत फारसा विरोध झाला नाही. आमच्या डोक्यावर जे इंजिनिअर राहतात, त्यांनी दोन तांत्रिक प्रश्न विचारले, पण ते त्यांना विचारावेच लागतात. ते पूल बांधतात. पूल बांधणाऱ्या माणसाला पंख्यातलं कळत असणार, असा त्यांचा समज आहे आणि तेव्हा आमचाही होता.

वायरमनने आठवडाभर घरोघरी पंखे टांगले. मी सगळ्यांना बजावून ठेवलं, की रविवारपर्यंत कुणीही पंखा चालू करायचा नाही. रविवारी सकाळी खाली मीटरच्या खोलीपाशी सगळ्यांनी आपापला रिमोट घेऊन जमायचं, मुख्याध्यापिकाबाई फीत कापून इमारतीचं मेन स्विच वर करतील, आणि मी तीन आकडे मोजले की सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं. सगळ्या घरांतले पंखे एकाच क्षणी सुरू.

बायको म्हणाली, "अहो, पंखा आहे तो. धरण नाही."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी पाणीपुरवठा खात्यात नोकरी करतो. आमच्याकडे नळाच्या तोटीचंही उद्घाटन होतं, आणि नळाला पाणी नसतानासुद्धा होतं. इथे तर पंखे खरोखर फिरणार होते.

आणि ते फिरले. बाईंनी फीत कापली, स्विचचा दांडा वर केला, मी "एक, दोन, तीन" म्हटलं आणि सगळ्या इमारतीने बटणं दाबली. काहींनी आनंदाच्या भरात चारपाच वेळा दाबली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "फिरला, फिरला!" टाळ्या झाल्या. चहा झाला. बाबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. ते असं क्वचित करतात, म्हणून सांगतो.

त्याच दुपारी बाबा कानाला चादर गुंडाळून बाहेर आले. "अरे, मी तीनवर ठेवला होता. पाचवर कसा गेला?"

मी जाऊन तीनवर केला. थोड्या वेळाने बाबा पुन्हा बाहेर. "आता बंदच पडला."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. दुपार झाली की पंख्याच्या अंगात यायचं. एकावर जायचा, पाचवर जायचा, मध्येच थांबून विचार करायचा. त्यातच एकदा मी घाईघाईने, दुसरंच काहीतरी शोधत असताना, बोलून गेलो, "बाबा, झोपेत तुमच्या हाताखाली रिमोट येत असेल."

"रिमोट टेबलावर असतो. मी झोपेत टेबलापर्यंत जातो का?"

"तसं नाही हो. वय झालं की होतं असं कधी कधी."

बाबा चादर घडी करून खोलीत गेले. संध्याकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शहराच्या पलीकडच्या टोकाला राहतो आणि फोनवर नेहमी जिना चढत असल्यासारखा घाईत बोलतो. "अरे, बाबांचा फोन होता. म्हणाले, माझ्यामुळे यांना त्रास होतो, मला घेऊन जा. येत्या रविवारी येतो मी गाडी घेऊन. माझ्याकडे सगळ्या खोल्यांत एसी आहे. कायमचेच राहतील इकडे."

मी म्हणालो, "बरं."

दादाला मी जन्मभर "बरं" म्हणत आलोय. सायकल त्याने घेतली तेव्हा म्हणालो, खिडकीजवळचा पलंग त्याने घेतला तेव्हा म्हणालो. तोंडाला वळणच पडलंय. फोन ठेवल्यावर कळलं, या वेळी कशाला म्हणालो ते.

बायको म्हणाली, "तुम्ही बाबांना सरळ सांगा ना, जाऊ नका म्हणून."

"सांगेन की. आधी पंखा नीट करतो. पंखा नीट झाला की जायचं कारणच उरत नाही."

बायकोने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती भांडी आवरायला गेली. मला वाटलं, तिला पटलं.

तेव्हापासून माझं आणि पंख्याचं वैर सुरू झालं. वायरमनला बोलावलं. तो आला, पंख्याखाली उभा राहिला, वर बघितलं आणि म्हणाला, "व्होल्टेज." मी विचारलं, "व्होल्टेजचं काय?" तर म्हणाला, "तेच ना." आणि गेला. पुढे कळलं की त्या आठवड्यात तो आमच्या इमारतीत आणखी चार घरी जाऊन हेच बोलून आला होता. कारण प्रत्येक घरात तीच कथा चालली होती आणि कुणीच ती दाराबाहेर येऊ देत नव्हतं. नवरे म्हणत होते बायकोने दाबलं, बायका म्हणत होत्या नवऱ्याने दाबलं. मुख्याध्यापिकाबाईंनी तर सुनेशी बोलणंच टाकलं होतं. घरातली भांडणं लोक चव्हाट्यावर आणत नाहीत, म्हणून मलाही वाटत राहिलं की बिघडलाय तो फक्त आमचा पंखा.

मग इंजिनिअर स्वतःहून खाली आले. "पंखा म्हणजे काय हो? तीन गोष्टी. पाती, मोटर आणि तार. उघडू या." मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. स्टुलावर स्टूल ठेवून आम्ही पंखा उतरवला आणि बाबांच्या पलंगावर जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर आडवा घातला. बाबा दारात खुर्ची टाकून बसले.

आत पाहिलं. तिथे एक हिरवी पाटी होती. पाटीवर एक सबंध गाव वसलेलं. छोट्या टाक्या, काळ्या चौकोनी इमारती, रांगेत उभे केलेले बारीक मणी आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या इतक्या गल्ल्या, की आमच्या खात्याचा पाइपलाइनचा नकाशा त्यापुढे सोपा वाटावा. वारा घालणं एवढंच काम असलेल्या वस्तूला हे सगळं कशाला लागतं? मला खरंच राग आला. माणसाने पंखा विकत घ्यावा आणि छताला कारकुनांचं कार्यालय टांगलेलं निघावं, हे काही बरोबर नाही.

"ही कॉइल," इंजिनिअर बोट ठेवून म्हणाले.

"हिच्यावर तर पाय असलेला काळा किडा बसल्यासारखा दिसतोय."

"कॉइल त्याच्या खाली असते."

बाबा दारातून म्हणाले, "तुम्हाला कळत नाहीये, हे मला इथून दिसतंय."

आम्ही तो गुपचूप बंद केला. एक स्क्रू उरला. इंजिनिअर म्हणाले की उत्पादक नेहमी एखादा जास्तीचा देतात. पुलांच्या बाबतीतही ते असंच मानत असतील का, हा विचार मनात येऊन मी तेव्हापासून नदी ओलांडताना जरा चटचट चालतो.

शेवटी कंपनीला फोन लावला. आता इथे माझं दुःख समजून घ्या. मी आमच्या खात्याच्या तक्रार विभागात आहे. "आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे" हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना ऐकवलंय आणि त्याचा अर्थ काय असतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. तेच वाक्य पलीकडच्या मुलीने मला गोड आवाजात ऐकवलं. नंतर मोबाइलवर संदेश आला, की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली आहे. एक कारागीर म्हणून मला त्या कामाचं कौतुक वाटलं. एक ग्राहक म्हणून मी पुन्हा फोन लावला आणि ओरडलो.

"सर, शांत व्हा. पंखा पहिल्यांदा चालू केला तेव्हा काय काय केलं होतं?"

"उद्घाटन केलं होतं!"

"म्हणजे?"

मी अभिमानाने सगळं सांगितलं. फीत, बाई, दांडा, तीन आकडे. तिचा आवाज बदलला. "सर, पंख्याला वीज आल्याबरोबरचे काही क्षण तो रिमोट ओळखायला शिकत असतो. त्या वेळात जो रिमोट दाबाल तो त्याच्या कायमचा लक्षात राहतो."

"मग?"

"तुम्ही सगळे पंखे एकदम चालू केले. आणि सगळे रिमोट एकदम दाबले."

म्हणजे इमारतीतल्या प्रत्येक पंख्याने इमारतीतला प्रत्येक रिमोट लक्षात ठेवला होता. दुपारी मुख्याध्यापिकाबाईंना उकडलं की त्या पाच दाबायच्या आणि सगळी इमारत पाचवर जायची. इंजिनिअरांना शिंक आली की सगळी इमारत बंद. आमच्या खात्यात आदल्या दिवशीचं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि छताला टांगलेल्या वस्तूला एवढी स्मरणशक्ती!

मी इमारतीच्या फळ्यावर सूचना लावली: "तांत्रिक कारणास्तव पंख्यांची पुनर्जोडणी करण्यात येईल." कुणामुळे, ते लिहिलं नाही. तांत्रिक कारणाला नाव नसतं, हे मी नोकरीत शिकलोय. पण इंजिनिअरांनी बैठकीत सगळं फोडलं. मग काय विचारता! घराघरांत कोंडलेली भांडणं एकदम बाहेर आली. "म्हणजे आमचा पंखा तुम्ही बंद करत होता?" "आणि आमचं बाळ उठायचं ते तुमच्यामुळे?" सुनेने बाईंकडे बघितलं. बाईंनी छताकडे बघितलं. मग बाई उठल्या आणि म्हणाल्या, "वाद कशाला? दुपारी सगळ्यांचे पंखे पाचवर राहतील, असा ठराव करू. शिस्त म्हणजे शिस्त."

"मुळीच नाही," मी म्हणालो. "माझे वडील तीनवर झोपतात. त्यांच्या झोपेवर मी मतदान होऊ देणार नाही."

"पण सेक्रेटरी, हे केलंय तुम्हीच ना?"

"उद्घाटन केलंय. गुन्हा नाही."

उपाय त्या मुलीने सांगितलेला होता. एकेका पंख्याची वीज बंद करून पुन्हा चालू करायची आणि त्याच घरचा रिमोट पंख्याचा आवाज येईपर्यंत दाबून धरायचा. म्हणजे तो बाकीचे विसरतो. मात्र त्या वेळात इमारतीत दुसऱ्या कुणाचं बोट हलता कामा नये. रिमोट माझ्याकडे जमा करा म्हटलं, तर कुणी तयार होईना. सगळे रिमोट दिसायला सारखे, आणि परत मिळेल तो आपलाच कशावरून? माझ्यावरचा विश्वास उडाला होता, हे मी समजू शकतो, मान्य करत नाही. अखेर असं ठरलं की रविवारी सगळ्यांनी जिन्यात उभं राहायचं आणि रिमोट धरलेला हात वर ठेवायचा. ज्याची पाळी असेल, तेवढ्याच घराने आत जायचं.

तोच रविवार दादाचा होता. बाबांची पिशवी सकाळपासून दाराशी भरून ठेवलेली होती. मी तिच्याकडे न बघता तीनदा तिला अडखळलो. एकदा बाबांच्या खोलीत जाऊन म्हणालोसुद्धा, "बाबा, आज होईल हं पंखा." ते म्हणाले, "होऊ दे." मी आणखी काहीतरी म्हणेन म्हणून ते थांबले होते, हे मला दिसत होतं. पण खालून हाका सुरू झाल्या आणि मी जिन्याकडे पळालो.

जिन्यात ही एवढी गर्दी. तळापासून गच्चीपर्यंत पायरीपायरीवर माणसं, सगळ्यांचे हात वर, हातात रिमोट. बाबांनी मधल्या वळणावर खुर्ची टाकून घेतली आणि देखरेख सुरू केली. "अहो इंजिनिअर, अंगठा बटणावरून काढा. ते तिसऱ्या पायरीवरचे, हात खाली येतोय तुमचा." लोक निमूट ऐकत होते. एकेक घर आत जायचं, पंख्याचा बारीक आवाज यायचा, बाबा हात हलवून पुढच्याला सोडायचे. काम इतकं सुरळीत चाललं की मला पुन्हा उद्घाटनाची आठवण व्हायला लागली.

आणि दादा आला. खालच्या दारातच थबकला. "काय रे? दरोडा पडलाय?"

"हात वर करा!" मुख्याध्यापिकाबाई ओरडल्या. दादाने हात वर केले. मग त्याच्या लक्षात आलं की त्याच्याकडे रिमोट नाही, आणि तो लालबुंद होऊन वर आला. नेमकी आमच्याच घराची पाळी लागली होती. बायको रिमोट घेऊन आत गेली.

"चला बाबा," दादाने दारातली पिशवी उचलली. "काय हा तमाशा! अरे, म्हाताऱ्या माणसाला जिन्यात बसवलंय तुम्ही? एक पंखा धड ठेवता येत नाही घरात. माझ्याकडे निदान शांत झोप तरी लागेल त्यांना."

माझ्या तोंडात "बरं" आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. मी बाबांकडे बघितलं. ते खुर्चीत वाकून चपला शोधत होते, आणि हळूच शोधत होते.

"बरं नाही!" मी ओरडलो. जिन्यात घुमलं. "पिशवी खाली ठेव, दादा. बाबा कुठेही जाणार नाहीत. पंखा चालो, न चालो, छतासकट खाली येवो. इथेच राहतील. मला सवय आहे त्यांची. ऑफिसातून आलो आणि ते खोलीत नसले तर मला करमणार नाही. तुझ्या एसीचं तू बघ. सायकल नेलीस, पलंग नेलास, बाबा नाही मिळणार!"

"शाब्बास सेक्रेटरी!" मुख्याध्यापिकाबाईंना राहवलं नाही. त्यांनी वर केलेली मूठ जोरात आवळली. "अगदी बरोबर!"

आतून पंख्याचा आवाज आला. एकदा बायकोच्या रिमोटचा. आणि एकदा बाईंच्या मुठीतल्या रिमोटचा.

एकेक हात खाली आला. आमच्यानंतर कुणीच उरलं नव्हतं, आणि आमच्या एका पंख्यासाठी पुन्हा हात वर करायला कुणी तयार नव्हतं. लोक आपापल्या घरी आपापल्या एकनिष्ठ पंख्याखाली जाऊन बसले. बाई म्हणाल्या, "माझ्याकडून झालं खरं, पण भावनेच्या भरात झालं." दादा चहा प्यायला, "लहानपणी असा नव्हतास" म्हणाला आणि रिकाम्या गाडीने गेला.

मी पिशवी उचलून बाबांच्या खोलीत नेऊन ठेवली. म्हणालो, "बाबा, पंखा काही पुरता सुधारला नाही. आता तो आपलं ऐकतो आणि खालच्या बाईंचंही. पण मी सोडणार नाही. उद्या कंपनीला पत्र लिहितो, परवा..."

"दुकानदाराशी भांडलास," बाबा पलंगावर आडवे होत म्हणाले. "वायरमनशी, कंपनीशी, सगळ्या इमारतीशी भांडलास. आणि मला राहा म्हणायला तुला दादा दारात यावा लागला."

मी पिशवीतले कपडे काढून कपाटात लावायला लागलो. तेवढ्यात खाली बाईंना उकडलं असावं. पंख्याने घरघर केली, वेग घेतला आणि थेट पाचवर गेला. टेबलावरचं वर्तमानपत्र उडून माझ्या तोंडावर आलं. मी रिमोटकडे धावलो.

"राहू दे," बाबा म्हणाले. त्यांनी चादर कानावर ओढून घेतली आणि मी वर्तमानपत्र गोळा करेपर्यंत ते घोरायला लागले होते.